खाणमावशी

"कुणी नाही हो, ओळखीच्या आहेत," असं त्या म्हणाल्या आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं, की हे आता परत घेता येणार नाही. नाकावर चष्मेवाल्याची ती जड गोल फ्रेम होती, एका डोळ्यापुढे काच, दुसऱ्यापुढे काळी चकती, आणि समोरच्या भिंतीवर वरून खाली बारीक होत गेलेली अक्षरं. अशा अवतारात बसलेलं माणूस शहाणं काय बोलणार? बरोबर शेजारीण होती. इमारतीत नवी असूनही तिला सगळे पाठीमागे भोंगा म्हणू लागले होते, कारण तिच्या कानात टाकलेलं संध्याकाळपर्यंत गच्चीवर वाळत पडलेलं असायचं. आणि नेमकं त्याच वेळी दुकानाचं काचेचं दार ढकलून एक तरुणी आत आली. केस मानेपर्यंत कापलेले, खांद्याला नकाशे ठेवायची ती लांबट नळी. त्यांना पाहून ती थबकली. तिच्या ओठांवर ‘आई’ आलं होतं. ते त्यांना एका डोळ्यानेसुद्धा दिसलं. पण तेवढ्यात भोंग्याने विचारलं, "कोण हो या?" आणि त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. माझी सून, असं म्हणायला जीभ तयार होती, पण सून कशी म्हणणार? मुलाची आणि तिची कायदेशीर फारकत होऊन वर्ष उलटलं होतं. माजी अध्यक्ष असतात, माजी मुख्याध्यापक असतात, माजी सून हा काय प्रकार आहे? बरं, खरं सांगावं तर मुलाच्या संसाराचं वाटोळं आपणच भोंग्याच्या हाती दिल्यासारखं. म्हणून ओळखीच्या. वर आणखी ‘आहेत’. ज्या पोरीला कधी अहो-जाहो केलं नाही, जिचे केस आजारपणात मांडीवर डोकं घेऊन विंचरले, तिला त्यांनी दुकानाच्या मधोमध उभं करून मान दिला. ती हसली, शिकवल्यासारखी. "बरं आहे ना?" म्हणाली. आणि ज्या कामाला आली होती ते न करताच दार ढकलून निघून गेली. चष्मेवाला विचारत होता, आता नीट दिसतंय का. त्यांनी हो म्हटलं. काही दिसत नव्हतं, डोळ्यांत पाणी होतं.

घरी येऊन त्या हातपाय धुवायलाही थांबल्या नाहीत, तडक खोलीत जाऊन कॉम्प्युटर सुरू केला. शनिवारची दुपार ही त्यांची वेळ. मुलगा आठवडाभर लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करून दमलेला असे. शनिवारी जेवला की दार लोटून आडवा होई. त्याची झोप मोडू नये म्हणून त्या हेडफोन लावत, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याही कारणासाठी लावत. पडद्यावर डोंगर आला, धुकं बाजूला झालं आणि त्यातून खाणमावशी बाहेर पडली. बुटकी, रुंद खांद्यांची, डोक्याला फडकं, पाठीवर पोतं, हातात टिकाव. हे नाव सुनेनेच ठेवलेलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. त्या पलंगावर पाय उशीवर ठेवून दिवसभर छताकडे बघत पडलेल्या, आणि पलीकडच्या खोलीत मुलगा आणि सून त्या ऑनलाइन खेळात कसले तरी राक्षस मारत हसत सुटलेले. खेळ घरात आणला तो मुलानेच. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं रात्रंदिवस त्यात बुडलेले असत. एक दिवस त्या ओरडल्या, "अरे, एवढं हसण्यासारखं आहे तरी काय तिथे?" तेव्हा सून लॅपटॉप उचलून थेट त्यांच्या पांघरुणावर घेऊन आली. "आई, बोला, कोण व्हायचंय? योद्धा, जादूगार, तिरंदाज?" त्या म्हणाल्या, "मारामारी नको गं बाई. काही आणायचं, भरायचं, निवडायचं असलं काम नाही का तिथे?" सून एवढी हसली की लॅपटॉप त्यांच्या दुखऱ्या पायावर घसरला. मग दोघीही हसल्या, कळ आली तरी. "आहे ना," ती म्हणाली. "डोंगर खणायचा. तुम्ही खणा, मी लोहार होते. तुम्ही कच्चं लोखंड आणायचं, मी घडवायचं." अशी ती ठिणगी झाली आणि त्या खाणमावशी.

आणि काय सांगावं, ते काम त्यांना जन्मजात येत असल्यासारखं जमलं. खाणकाम करणाऱ्याला त्या जगात कुणी विचारत नाही. चकचकीत चिलखतं घातलेले वीर शेजारून धावत जातात, कुणी एखादा थांबून नाचून दाखवतो, लांडगेसुद्धा वास घेऊन निघून जातात. आपण आपलं कड्याच्या अंगाने चालायचं, खडकात कुठे रंग बदललाय ते बघायचं. त्यांची सगळी नोकरी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर वाकून गेली होती. काचेवरच्या फिकट गुलाबी पसाऱ्यात एखादीच पेशी वेगळी असते, ती दिसावी लागते. बघून दिसत नाही. नजर सैल सोडली की आपोआप दिसते. डोंगरातल्या धातूच्या शिरांचंही तसंच होतं. करड्या दगडात निळसर रेघ दिसली की त्यांच्या छातीत अजून धडधडायचं. मग टिकाव उचलायचा, घालायचा. ठण्ण. दगडाची कपची उडायची, पोत्यात काही तरी पडल्याचा बारीक आवाज यायचा. पुन्हा ठण्ण. त्या आवाजात डोकं रिकामं व्हायचं. नवरा गेल्यानंतर लोकांनी त्यांना काय काय करायला सांगितलं होतं: फिरायला जा, चार बायकांत मिसळा, श्वासाचे व्यायाम करा. कुणी दगड फोडा असं सांगितलं नव्हतं. दगड फोडणं हेच बरं होतं.

त्या कामाची एक रीत होती. प्रत्येक शीर काही घाव देते. शेवटचा घाव तिच्यात राहू दिला तर ती त्याच जागी पुन्हा भरून येते. हावरटपणाने तोही घातला तर काच फुटल्यासारखा आवाज होतो, शीर विझते, आणि डोंगरात दुसरीकडे कुठे तरी वर येते, कुठे ते कुणालाच ठाऊक नसतं. जुने खाणवाले शेवटचा घाव राखतात. नवशिके ओरबाडून घेतात आणि मग डोंगरभर बोंबलत फिरतात. वाकड्या देवदाराखालची निळी शीर अशी या दोघींनी राखलेली होती, ऑपरेशनच्या दिवसांपासून. आज त्यांनी खणावं, उद्या ठिणगीने येऊन दोन घाव घालावेत, शेवटचा मात्र कुणीही घालू नये. घरातलं मोडलं तेव्हाही ती शीर मोडली नाही. काय मोडलं, कसं मोडलं, हे त्यांना आजवर नीट कळलेलं नाही. भांडणाचा आवाज कधी आला नाही. आवाज येणंच बंद झालं होतं. दोघं एकमेकांना वाटेतल्या टेबलासारखं वळसा घालून जात. ती रात्र-रात्र बाल्कनीत उभी राहू लागली, हा टीव्हीसमोर झोपू लागला. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. आपण विचारलं म्हणजे बाजू घेतली असं होईल, ही भीती. मग एके दिवशी बॅगा भरल्या गेल्या. मुलगा म्हणाला, "आई, एकच सांगतो. तिच्याशी फोन, भेटणं नको. मला झेपणार नाही." त्याचा चेहरा बघून त्यांनी शब्द दिला. दिलेला शब्द पाळलाही. फोन नाही, भेट नाही. पण डोंगराचं त्याने काही म्हटलं नव्हतं. वकिलाने काढावी तशी त्यांनी ती पळवाट मनात काढली, आणि पुढच्या शनिवारी वाकड्या देवदाराखाली गेल्या तर ठिणगी आधीच येऊन बसलेली. ती काही बोलली नाही. त्याही बोलल्या नाहीत. दोघींनी घाव घातले, शेवटचा राखला. नंतर हळूहळू लिहिणं सुरू झालं, पण तेही लोखंडाचंच. एवढं पुरेल का, पलीकडच्या खिंडीत तांबं आहे म्हणतात, तुमचा टिकाव बोथट झालाय, आणा, धार लावून देते. त्याचं नाव कुणीच काढायचं नाही, हे न ठरवता ठरलेलं. ती एकटी राहते की कुणाबरोबर, जेवते काय, खोकला गेला का, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण दर शनिवारी ती जिवंत आहे, तिचे हात चालू आहेत, हे समजायचं. त्यांना ते पुरायचं. पुरत नव्हतं, पण पुरवून घेतलं होतं.

आज देवदाराखाली ती नव्हती.

येईल, त्यांनी स्वतःला सांगितलं. दुकानातून घरी पोचायला वेळ लागेल, पोचली की येईल. टिकाव उचलला. ठण्ण. आली की काय लिहायचं? ‘अगं, ती बाई फार चौकस आहे म्हणून तसं बोलले.’ हे खरं होतं आणि तरी कारण दाखवल्यासारखं होतं. ठण्ण. ‘वाईट वाटून घेऊ नकोस.’ म्हणजे वाईट वाटण्यासारखं केलं हे आपणच कबूल करतोय. मग त्याची माफी मागायला नको? पण माफी मागायची तर कोण म्हणून मागायची? ठण्ण. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ती त्यांना काहीच हाक मारत नसे, नुसती खोलीच्या दारात येऊन घुटमळायची. मग एकदा भाजी करपत होती तेव्हा घाबरून ‘आई, आई’ असं ओरडली आणि त्यानंतर ते सुटलंच नाही. भाजी गेली, पण हाक राहिली. आज ती हाक तिने ओठांवरून परत गिळली, आणि ती गिळावी अशी वेळ त्यांनी आणली. ठण्ण. पडद्यावरचं नीट दिसत नव्हतं. चष्मा जुना, त्यात डोळे भरलेले. ठण्ण. आणि कानात एकदम काच फुटल्याचा आवाज झाला, लहान, स्वच्छ, एखादी बांगडी फरशीवर पडावी तसा. निळी रेघ विझली. देवदाराखाली साधा करडा दगड उरला.

त्यांनी हेडफोन काढून पुन्हा घातला, जणू त्याने काही फरक पडणार होता.  इतकी वर्षं राखलेला घाव, आपल्याच हाताने. लॅबमध्ये असताना हातून एकदा काचपट्टी फुटली होती. पण तिथे दुसऱ्यांदा रक्त घेता आलं. इथे काय करायचं? ती येईल, दगड बघेल आणि निघून जाईल. दुसरी कुठलीच जागा त्या दोघींची नव्हती. त्या धावत सुटल्या, म्हणजे खाणमावशी सुटली. पोतं भरलेलं, त्यामुळे धावणं कसलं, ओझ्याच्या बैलासारखं डुलत जाणं. उत्तरेचा कडा पाहिला, खिंड पाहिली, पडक्या बुरुजामागे पाहिलं. शीर कुठे वर आलेली नव्हती, की आली असून त्यांना दिसत नव्हती. शेवटी त्या खाली बाजारात आल्या. तिथे नेहमीप्रमाणे गर्दी, आरडाओरडा, कुणी ढाली विकतंय, कुणी घोड्यावरून उगाच गोल फिरतंय. सगळ्यांना दिसेल अशा मोठ्या चौकटीत त्या कधीच लिहीत नसत. भर चौकात उभं राहून ओरडण्यासारखं वाटायचं ते. आज त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं: ‘ठिणगी नावाची लोहारीण कुणाला दिसली का?’

एका जादूगाराने विचारलं, ‘काय, उधार घेऊन पळाली का मावशी?’ दुसरा म्हणाला, ‘इथले सगळे लोहार लबाड.’ तिसऱ्याने विचारलं, ‘तुमची कोण ती?’

त्या थांबल्या. कर्सर लुकलुकत होता. भोंगा इथे नव्हता, पण इथे तर शेकडो भोंगे होते. त्यांनी लिहिलं: ‘माझी सून.’ मग तेवढ्यावर राहवेना. ‘होती. मुलाची आता नाही. माझी आहे. आज मी तिला लोकांसमोर परकी म्हटलं. दिसली तर सांगा, मी शोधते आहे.’

 घोडेस्वार गोल फिरायचा थांबला. मग जादूगाराने लिहिलं, ‘सॉरी मावशी. बघतो.’ आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्यावरून, अगदी जवळून, आवाज आला. हेडफोन एका कानावरून घसरला होता, म्हणून ऐकू आला.

"आई."

मुलगा मागे उभा होता. झोपेतून उठलेला, गालावर उशीची घडी, आणि नजर पडद्यावर. चौकटीतली अक्षरं तिथेच होती. लपवायला त्यांच्याजवळ पदरही नव्हता आणि वेळही. चोरी सापडलेल्या पोरासारख्या त्या बघत राहिल्या. "मी शब्द मोडला नाही रे," त्या म्हणाल्या. "फोन केला नाही. फक्त हे—"

"माहितीये मला," तो म्हणाला. "केव्हाचं माहितीये. शनिवारी तुझं हसणं ऐकू येतं आतून. दुसऱ्या कुणाशी हसतेस तू तशी?"

"मग बोलला का नाहीस?"

त्याने खांदे उडवले. लहानपणी पडून आला की असेच उडवायचा, लागलं नाही हे दाखवायला. "काय बोलायचं होतं? बंद कर म्हणायचं होतं? तुला काय झालं आज?" त्यांनी सांगितलं. दुकान, भोंगा, ओळखीच्या, देवदार, फुटलेली शीर. सांगताना पुढचं मागे झालं, पण त्याने मध्ये तोडलं नाही.  मग त्याने बोट लांब करून नकाशाच्या एका टोकाला टेकवलं. तिथे एक लहानसं तळं होतं. तिथे दगड नव्हता, धातू नव्हता, खाणमावशीला कामाचं असं काहीच नव्हतं; त्या कधी गेल्या नव्हत्या.

"इथे बघ," तो म्हणाला. "ती रागावली की पाण्याजवळ जाऊन बसते."

त्या निघाल्या. तो मागे खुर्चीच्या पाठीला धरून उभा. वाट लांब होती आणि खाणमावशी पावलागणिक दम खात होती. "पोतं जड झालंय, आई. अशी पोचेपर्यंत ती जाईल निघून." ते खरं होतं. पोत्यात कित्येक शनिवारांची निळी कमाई होती, एकेक कपची ओळखीची. त्यांनी पोतं उघडलं आणि रस्त्याच्या कडेला ओतायला सुरुवात केली. आधी जरा जीव अडखळला, मग नाही. लोखंड टाकलं, तांबं टाकलं, सगळ्यात शेवटी निळा धातू टाकला. मागून येणाऱ्या कुणा नवशिक्याची चंगळ झाली. खाणमावशी रिकाम्या पोत्यानिशी अशी धावली, की मुलगासुद्धा हसला, नाकातून, फुस्स करून. कित्येक दिवसांत तो त्यांच्यासमोर हसला नव्हता.

तळ्याच्या काठी ठिणगी बसली होती. पाठमोरी. हातोडा बाजूला ठेवलेला.

त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या. बसवायची कळ कुठली हे त्यांना ऐन वेळी आठवेना, म्हणून खाणमावशीने आधी उडी मारली, मग हात हलवला, आणि मग बसली. ठिणगी हलली नाही. त्यांनी लिहिलं: ‘आपली शीर माझ्या हातून फुटली गं.’

उत्तर आलं. ‘पाहिलं मी. मी मागेच उभी होते. मला वाटलं, मी आलेय हे बघूनच घातलात शेवटचा घाव.’

त्यांनी ते पुन्हा वाचलं. म्हणजे ती आली होती. दुकानातून घरी, घरातून डोंगरावर, त्या आल्या होत्या तेवढ्याच घाईने ती आली होती, आणि मागे उभी राहून तिने काय पाहिलं?  ‘नाही गं,’ त्यांनी लिहिलं, आणि चुकून दोनदा लिहिलं. ‘नाही गं. मला मागचं दिसत नाही. मला पुढचंही दिसत नव्हतं, रडत होते. तुझाच विचार करत होते म्हणून फुटली. दुकानात मी घाबरले. तुला परकी केलं. मला माफ कर. तू माझी आहेस, मग कुणी काही का म्हणेना.’

ठिणगी उठली. त्यांना वाटलं, चालली. पण तिने फक्त तोंड वळवलं आणि पुन्हा बसली, आता त्यांच्याकडे तोंड करून. लिहिलं: ‘इथे कशा आलात? ही जागा मी तुम्हाला कधी दाखवली नव्हती.’

आता आली का पंचाईत. एवढ्या शनिवारांत जे नाव दोघींनी कटाक्षाने टाळलं, ते आल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नव्हतं. खोटं लिहिणं सोपं होतं. बाजारात कुणी तरी सांगितलं, एवढं पुरलं असतं. त्यांनी मागे पाहिलं. मुलाने खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती, की त्याची बोटं पांढरी पडली होती. "खरं तेच लिही," तो म्हणाला. त्यांनी लिहिलं: ‘त्याने सांगितली. माझ्या मागे उभा आहे. म्हणाला, रागावली की ती पाण्याजवळ बसते.’

तळ्यावर वारा सुटला. पाण्यावर रेघा उठल्या, विरल्या, पुन्हा उठल्या. शेवटी अक्षरं आली, एकेक, जपून चालल्यासारखी. ‘त्याला माहीत होतं?’

त्या मागे न बघता थांबल्या. आता जे काय असेल ते त्याचं होतं.  "हो म्हण," तो म्हणाला.  "माहीत होतं म्हण. ती बाल्कनीत जायची तेव्हाही माहीत होतं. इथे यायची तेव्हाही. दर वेळी माहीत होतं. मी उठलो नाही."

त्यांनी ते सगळं लिहिलं, तो म्हणाला तसंच, एका बोटाने, एक शब्द इकडचा तिकडे न करता. लिहिताना त्यांचा दुसरा हात मागे गेला आणि त्याच्या त्या पांढऱ्या पडलेल्या बोटांवर राहिला. त्याने हात काढून घेतला नाही. पडद्यावर बराच वेळ काही हललं नाही. ती निघून गेली असती तर तिचं नाव विझलं असतं. नाव विझलं नव्हतं. मग खाणमावशीच्या शेजारी बसलेल्या त्या लोहारणीच्या डोक्यावर एकच ओळ उमटली.

‘तुम्ही उठलात, आई.’